खाटकाचा ओंडका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील खाटकाच्या दुकानात सिकॅमोर वृक्षाच्या बुंध्याचा जाड आडवा काप पायांवर उभा केलेला असे. पुढे मेपलचे तुकडे उभ्या तंतूंनी जोडून चौकोनी ओंडके होऊ लागले. घाव तंतूंच्या मधे शिरे. त्यामुळे सुरीची धार टिके आणि लाकूडही लवकर फुटत नसे. तरीही रोजचे घाव आणि रोजचे खरवडणे यांनी कालांतराने मध्यभागी खळगा पडे, त्यात ओल साचे. हा खळगा भरून काढण्याची सोय नव्हती. भोवतालचा उंच भागच रंध्याने तासून त्याच्या पातळीस आणावा लागे. प्रत्येक दुरुस्तीगणिक ओंडका थोडा ठेंगणा होई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड अस्वच्छ मानले जाऊन प्लॅस्टिकचे फळे पुढे आले. परंतु १९९४ मध्ये डीन क्लिव्हर आणि त्यांचे सहकारी यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठातील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा या समजाला धक्का बसला. लाकडावर सोडलेले जंतू थोड्याच वेळात पृष्ठभागावर सापडेनासे होत. सुरीच्या चरे पडलेल्या प्लॅस्टिकवरून मात्र ते धुऊन काढणे कठीण जाई. जुन्या खाटकांना जंतुशास्त्र अवगत नव्हते. पण झिजलेले लाकूड वेळीच तासले पाहिजे, एवढे ते जाणून होते.