तेलाचे थेंब आणि मूळ वही

यंत्रमागावरची मजुरी मीटरवर नि पिकावर ठरते, आणि आमची निम्मी भांडणे या मोजण्यावरूनच झाली. म्हणून कोणी आकडा पुढे केला की आम्ही आधी विचारतो : मूळ वही कुठे आहे? तोच प्रश्न आज एका थोर शास्त्रज्ञाला विचारावयाचा आहे. आमचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावरचे; श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट मिलिकन यांना इलेक्ट्रॉनवरचा विद्युत्भार मोजावयाचा होता. तेलाचा फवारा उडवावयाचा, त्यातला एखादा थेंब धातूच्या दोन तबकड्यांमध्ये गाठावयाचा आणि दुर्बिणीतून त्याच्यावर नजर ठेवावयाची. वीज बंद असता तो किती वेळात खाली येतो, वीज सोडल्यावर किती वेळात वर चढतो, यावरून भार काढावयाचा. तो नेहमी एकाच रकमेच्या पटीत भरे. त्याखाली मोड म्हणून मिळेना. हार्वी फ्लेचर हा विद्यार्थी या कामात बरोबरीने राबला, पण १९११ चा मोठा निबंध एकट्या मिलिकन यांच्या नावे निघाला. आम्हांला हे टोचते; असो.

१९१० साली, थेंब पाण्याचे असताना, मिलिकन यांनी आपल्या निरीक्षणांना उघडपणे प्रती लावल्या होत्या आणि एक थेंब गाळल्याचेही सांगितले होते. व्हिएन्नाचे एरेनहाफ्ट यांचे म्हणणे, याहून लहान भारही असतो! त्यांनी मिलिकन यांचीच ही निरीक्षणे त्यांच्यावर उलटवली. मग १९१३ च्या निबंधात ५८ थेंब देऊन मिलिकन यांनी ठासून लिहिले की, हे निवडक नव्हेत, ६० दिवसांत पाहिलेले सगळे आहेत. किंमत ४.७७४, चुकीचा अंदाज ०.००९. १९२३ साली नोबेल पारितोषिकही मिळाले.

१९७८ साली जेराल्ड होल्टन यांनी मूळ वह्या उघडल्या. त्या काळातले थेंब शंभरावर निघाले! काहींपुढे छापण्याजोगा म्हणून शेरा, काहींपुढे नापसंतीचा. मस्टर एक आणि पगारपत्रक दुसरे, असाच हा प्रकार. पुष्कळ थेंब गाळण्यास सबळ कारण होते हे खरे. पण 'सगळे' हा शब्द खोटा होता, आणि आम्ही तो माफ करणार नाही.

आता गंमत पाहा. गाळलेले थेंब पुन्हा धरले तरी सरासरी फारशी हलत नाही. चुकीचा पट्टा तेवढा रुंदावतो. खरी चूक भलतीकडेच होती. थेंबाला हवा किती अडवते, म्हणजे हवेची चिकटाई किती, हा आकडा हिशेबात धरावा लागतो, आणि तोच थोडा कमी धरला गेला होता. हजार थेंब मोजले असते तरी ही चूक निघाली नसती. माप खोटे असले की पुन्हापुन्हा मोजून काय उपयोग?

ती पकडली निराळ्या वाटेने आलेल्यांनी. १९२८ पासून स्वीडनमधील उप्सला येथे क्ष-किरणांच्या मोजमापावरून भार अधिक भरू लागला. भांडण काही वर्षे चालले. १९३५ च्या सुमारास हवेची चिकटाई नव्याने मोजली तेव्हा मिलिकन यांचा आकडाही ४.८० कडे सरकला. तफावत त्यांनी सांगितलेल्या चुकीच्या तिप्पट होती.

२० मे २०१९ पासून या भाराची किंमत करारानेच ठरवून टाकली आहे. तिच्यापुढे चुकीचा आकडा आता लिहीत नाहीत. तो निर्वात पोकळीच्या चुंबकीय स्थिरांकापुढे गेला, जो तोवर बिनचूक धरला जात असे.