मधल्या घराचा पगार

पिंपळे सौदागरच्या रस्त्यावरून जाताना मला दर वेळी हॅरॉल्ड मॅन आठवतो. आज तिथे उंच सोसायट्या आहेत आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा हा इंग्रज प्राचार्य सहकाऱ्यांना घेऊन याच गावात घराघरांचा हिशेब मांडत होता. जमीन किती, कर्ज किती, व्याज किती आणि वर्षाकाठी हातात काय पडतं? १९१७ साली त्याचं पुस्तक निघालं. १७७१ मध्ये गावातली सरासरी जमीन खातेदारामागे चाळीस एकर होती, ती १९१५ च्या सुमारास सातवर आली होती. पाहणी केलेल्या १०३ कुटुंबांपैकी ६७ कुटुंबांचं शेती आणि बाहेरची मजुरी दोन्ही धरूनही भागत नव्हतं. ज्यांचं भागत होतं, त्यांतल्या बहुतेकांना बाहेरच्या कामाचा टेकू होता. खडकीचा दारूगोळा कारखाना जवळच होता ना!

मी सरकारी सर्वेक्षणात अन्वेषक होतो. बरीचशी नोकरी भोसरी, आकुर्डी, चाकण याच पट्ट्यात झाली. मॅनने जे सरळ विचारलं, ते आम्ही आडून विचारायचो. तीस दिवसांत तांदूळ किती आणला, आठवड्यात गोडं तेल किती लागलं, वर्षात चपला किती घेतल्या. रोजगाराच्या पत्रकात मजुरीचा रकाना असे, पण ‘घराचं एकूण उत्पन्न’ असा रकाना नसे. याला कारणही होतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५० मध्ये सुरू झालं, त्यानंतरच्या दोन दशकांत उत्पन्न विचारून पाहिलं गेलं. लोकांनी सांगितलेली कमाई त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी निघे. मग खर्चावरच भिस्त राहिली.

लोक खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. चाकणच्या कंपनीतल्या पोराला विचारा, ‘‘दादा, पगार किती?’’ तो बेसिक सांगतो. ओटी त्यात नसतो, दिवाळीचा बोनस नसतो. कॉन्ट्रॅक्टवर असेल तर दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधला रिकामा महिनाही नसतो. जुन्या गावठाणातले आजोबा ‘‘आमची शेती’’ म्हणतात आणि मागे खोल्यांची रांग दिसत असते. भाड्याचं विचारलं की आजी चहा टाकायला आत जातात.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे कुटुंब ठरवणं. आमचा नियम सोपा वाटे: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. महाळुंग्याच्या एका खोलीत लातूर, बीडकडची सहा पोरं राहत होती. गॅस एक, भाजी सामाईक, म्हणून सहा पगारांचं एक घर. शेजारच्या खोलीतली सहा जणं मेसला जेवायची, म्हणून ती सहा घरं झाली. पगार तेवढेच, पण वहीत एक घर बऱ्या स्थितीत आणि सहा घरं तोट्यात. त्या दिवशी मला कळलं, की उत्पन्नाचा आकडा पैशाआधी चुलीवर ठरतो.

जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हा उत्पन्न काढतं, त्याला लोकसंख्येने भागतं आणि वर्तमानपत्रं दरडोई उत्पन्नाची बातमी छापतात. या आकड्यात पुणे जिल्हा राज्यातल्या वरच्या जिल्ह्यांत असतो. पण त्यात कारखान्यात निर्माण झालेलं मूल्य मोजलेलं असतं, घरात आलेला पैसा नव्हे. चाकणला १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. त्यांनी निर्माण केलेलं मूल्य पुणे जिल्ह्याच्या खात्यावर चढतं, मग नफा कुठेही जावो.

मला हवा तो मध्यक. जिल्ह्यातली सगळी घरं कमाईच्या क्रमाने ओळीत उभी करा आणि बरोबर मधल्या घराला विचारा. ओळीच्या शेवटी उभा असलेला जमीनवाला आणखी दहापट श्रीमंत झाला, तरी मधल्या घराचा आकडा हलत नाही. सरासरी मात्र टुणकन उडते. हा मध्यक काढायला जिल्ह्यात पुरेशी घरं निवडलेली लागतात. आमच्या काळी नमुना राज्याच्या आकड्यासाठी बेतलेला असे. जिल्ह्यापुरतं बोलायचं तर हाती मोजकीच घरं उरत. त्यांवरून जिल्ह्याचा मध्यक सांगणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, अख्ख्या पंगतीची परीक्षा.

जानेवारी २०२५ पासून नमुना निवडताना जिल्हा हाच मूळ घटक धरला जातो. त्याच वर्षी केंद्राने घरगुती उत्पन्नाचं स्वतंत्र सर्वेक्षण जाहीर केलं. त्यासाठी कोणी पोरगं वही नाहीतर टॅब घेऊन तुमच्या दारात आलं, तर त्याला आत बसवा. पगारस्लिप दाखवू नका हवं तर. पण ओटी धरून सांगा, आणि मागच्या खोल्यांचं भाडंही.