नाव कुणाचे आणि मत कुणाचे? नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या नावबदलाचा इतिहास

"नावात काय आहे, एवढे काय चिडायचे?" असे विचारणारी माणसे जगात सगळीकडे सापडतात. गंमत अशी की, नाव बदलायची वेळ आली की ते वाचवायला जिवाच्या आकांताने धावणारीही हीच माणसे असतात. नाव क्षुल्लक असेल तर बदलायला हरकत का? आणि हरकत असेल तर ते क्षुल्लक कसे? नामांतराच्या लढ्यातून आलेल्या आपल्या पिढ्यांना या प्रश्नाचे उत्तर कुणी शिकवायला नको. पण हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कसा उभा राहिला, कसा लढवला गेला आणि शेवटी नवे नाव निवडण्यासाठी सगळ्या विद्यापीठाला कसे सोबत घेतले गेले, हा इतिहास आपण वाचायला हवा. कारण त्यात लोकशाहीविषयीचा एक मूलभूत धडा आहे.

अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठाच्या क्रीडासंघाला एक टोपणनाव असते आणि बहुतेकांना एक शुभंकर, म्हणजे मॅस्कॉट असतो. वाघ, अस्वल, गरुड, काहीही. विद्यार्थी ते नाव छातीवर मिरवतात आणि माजी विद्यार्थी आयुष्यभर सांभाळतात. नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स शहरात १८८३ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे सुरुवातीचे नाव होते 'फ्लिकरटेल्स'. हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा छोटा प्राणी. १९३० साली हे नाव टाकून 'सू' हे नाव घेतले गेले. पुढे ते 'फायटिंग सू', म्हणजे 'लढवय्ये सू' झाले.

हे सू कोण? अमेरिकेच्या मध्यभागातल्या गवताळ प्रदेशाचे मूळ रहिवासी. ते स्वतःला डकोटा, लकोटा म्हणवतात. राज्याचे नावदेखील त्यांचेच आहे. 'सू' हे मात्र इतरांनी त्यांना दिलेले नाव. डिसेंबर १८६२ मध्ये मिनेसोटातल्या मॅनकाटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच दिवशी फाशी देण्यात आली. १८९० च्या डिसेंबरमध्ये साउथ डकोटात वूंडेड नी येथे लकोटा स्त्री-पुरुष-मुलांचे हत्याकांड झाले. म्हणजे विद्यापीठ सुरू होऊन सात वर्षे झाली होती, तेव्हा शेजारच्या राज्यात याच लोकांच्या प्रेतांनी खड्डे भरले जात होते. आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी विद्यापीठाने त्यांचे नाव आपल्या संघाला दिले.

त्यावेळी दिलेली कारणे ऐकण्यासारखी आहेत. प्रतिस्पर्धी कृषी महाविद्यालयाच्या संघाचे नाव बायसन, म्हणजे रानगवा. रानगव्याचा फडशा पाडणारे म्हणून सू. शिवाय ते लढवय्ये, धिप्पाड. आणि घोषणांसाठी या नावाला यमकही सोपे जुळते! ज्यांचे नाव घेतले त्यांना विचारण्याचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. आधी जमीन घेतली, मग नाव घेतले.

"आम्ही तर तुमचा गौरवच करतो"

या नावाला विरोध झाला की एक ठरलेले उत्तर मिळे: "हा अपमान नाही, हा सन्मान आहे." पण सन्मानाचा हिशेब कोण करणार? सामन्याच्या दिवशी प्रतिस्पर्धी संघाचे प्रेक्षक 'सू' या शब्दापुढे शिवी जोडून हजारोंच्या आवाजात ओरडत. ती शिवी त्यांच्या मते संघाला होती. पण गॅलरीत बसलेल्या डकोटा विद्यार्थिनीच्या कानावर तिच्या समाजाचे नाव आणि त्यापुढची शिवी पडत असे. २०१४ साली, म्हणजे नाव अधिकृतपणे गेल्यानंतरही, ग्रँड फोर्क्समध्ये काही तरुणांनी 'सू' शब्दाचा दारूशी खेळ करणारे टीशर्ट घातले होते. ज्या समाजाला दारूच्या नावाने पिढ्यानपिढ्या हिणवले गेले, त्या समाजाच्या नावाचा हा 'गौरव'!

ही भाषा आपल्याला ओळखीची आहे. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हे नाव कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी त्याला हरकत घेतली. ज्यांच्यासाठी नाव आहे त्यांनाच ते नको असेल तर ते लादू नका, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. सभागृहातल्या बहुमताने ती मानली नाही आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. नाव गोड आहे की कडू, हा मुद्दा दुय्यम होता. नाव ठेवण्याचा अधिकार कुणाचा, हा मुद्दा होता.

पैसा बोलतो तेव्हा

२००० साली हा वाद टोकाला गेला. राल्फ एंगेलस्टॅड हा विद्यापीठाचा माजी विद्यार्थी, लास वेगासमधला कॅसिनोमालक. त्याने आइस हॉकीच्या भव्य क्रीडागारासाठी १० कोटी डॉलरची देणगी जाहीर केली होती. हा तोच गृहस्थ, ज्याने आपल्या हॉटेलात हिटलरच्या वाढदिवशी मेजवान्या दिल्या होत्या आणि त्याबद्दल नेवाडा राज्याच्या नियंत्रकांनी १९८९ मध्ये त्याला १५ लाख डॉलरचा दंड ठोठावला होता. नाव बदलण्याची चर्चा सुरू झाल्यावर डिसेंबर २००० मध्ये त्याने विद्यापीठाला पत्र लिहून धमकी दिली की, नाव बदललेत तर अर्धवट बांधलेले क्रीडागार तसेच सोडून देईन. त्यानंतर राज्याच्या उच्च शिक्षण मंडळाने लगेच, एकमताने, 'फायटिंग सू' कायम ठेवले. २००१ मध्ये क्रीडागार उघडले. जमिनीपासून खुर्च्यांपर्यंत त्यात हजारो ठिकाणी सू योद्ध्याचे चित्र कोरलेले होते. पुढे कुणी बदलायचे म्हटले तरी बदलता येऊ नये, अशी ती सोय होती.

प्रतीक दगडात कोरले की ते कायमचे होते, असे प्रस्थापितांना नेहमीच वाटत आले आहे.

मत कुणी द्यायचे?

ऑगस्ट २००५ मध्ये महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संघटनेने मूळ रहिवाशांची नावे-चित्रे वापरणाऱ्या १८ संस्थांवर निर्बंध आणले. नॉर्थ डकोटा कोर्टात गेले. २००७ मध्ये तडजोड झाली: स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक या दोन सू जमातींची संमती तीन वर्षांत मिळाली तर नाव राहील, नाही तर जाईल.

येथे इतिहास गुंतागुंतीचा होतो, आणि आपण तो सोपा करून सांगू नये. एप्रिल २००९ मध्ये स्पिरिट लेकच्या लोकांनी मतदान केले आणि सुमारे ६७ टक्के मते नाव ठेवण्याच्या बाजूने पडली. स्टँडिंग रॉकच्या परिषदेने मात्र आपला विरोध सोडला नाही. नावाच्या समर्थकांनी लगेच स्पिरिट लेकचा झेंडा उंचावला: "बघा, त्यांनाच हवे आहे!" या मताला आपण काय म्हणणार? ती माणसे फितूर होती, असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. अनेकांना त्या नावात आपली जगासमोरची एकमेव ओळख दिसत होती. इतर कुठल्याच मार्गाने ज्यांचे नाव घेतले जात नाही, त्यांना जर्सीवरचे नावही मोलाचे वाटू शकते. पण त्या मतदानातून एवढेच सिद्ध होते की समाजात दोन मते होती. एका भागाची संमती दुसऱ्या भागाचा अपमान रद्द करू शकत नाही. शिवाय ज्यांनी साडेसात दशके विचारले नाही, त्यांनी नाव जायची वेळ आल्यावरच विचारावे, यातही बरेच काही आले.

पुढचा प्रकार तर आणखी बोलका आहे. मार्च २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला की विद्यापीठाने हेच नाव वापरले पाहिजे. नोव्हेंबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. समर्थकांनी सह्या गोळा केल्या आणि १२ जून २०१२ रोजी राज्यभर सार्वमत झाले. सुमारे ६७ टक्के मतदारांनी नाव निवृत्त करण्याच्या बाजूने कौल दिला.

हा विवेकाचा विजय होता का? अंशतः. प्रचारात सर्वांत मोठा मुद्दा होता तो निर्बंधांमुळे संघाचे नुकसान होईल हा. स्पर्धा घरच्या मैदानावर भरवता येणार नाहीत, इतर विद्यापीठे खेळायला येणार नाहीत. माणसाच्या प्रतिष्ठेने जे झाले नाही ते हॉकीच्या वेळापत्रकाने झाले. म्हणूनच मी म्हणतो, प्रतिष्ठेचा प्रश्न बहुमताच्या तराजूत टाकू नका. त्या दिवशी तराजू योग्य बाजूला झुकला, पण वजन दुसऱ्याच कशाचे होते.

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात मांडले होते की, जन्माने ठरलेले जमातीचे बहुमत आणि मतपरिवर्तनाने बनणारे राजकीय बहुमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकीय बहुमत आज एका बाजूला, उद्या दुसऱ्या बाजूला जाऊ शकते. जन्माचे बहुमत बदलत नाही. नॉर्थ डकोटात गोरे नेहमीच बहुसंख्य राहणार होते. तिथे "मतदान घ्या" म्हणजे "आम्हालाच विचारा".

नवे नाव: इथे मतदान शोभते

कायद्याने जानेवारी २०१५ पर्यंत नवे नाव घ्यायला बंदी होती. त्यानंतर विद्यापीठाने जी प्रक्रिया राबवली ती तपशिलाने पाहण्यासारखी आहे. विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, माजी विद्यार्थी, खेळाडू अशा घटकांची समिती नेमली. आधी निकष लिहून काढले: नाव वेगळे असावे, राज्याच्या वारशाशी नाते सांगणारे असावे, अभिमान आणि जोश जागवणारे असावे, लोकांना एकत्र आणणारे असावे. मग एप्रिल २०१५ मध्ये महिनाभर कुणालाही नाव सुचवता येत होते. हजाराहून अधिक वेगवेगळी नावे आली. चाळणी लावून शेवटी पाच राहिली: फायटिंग हॉक्स, नोडॅक्स, नॉर्थ स्टार्स, रफरायडर्स आणि सनडॉग्ज.

सर्वांत मोठी लढाई मात्र मतपत्रिकेवर नसलेल्या पर्यायाची होती. अनेकांची मागणी होती की टोपणनाव नकोच, नुसते 'नॉर्थ डकोटा' पुरे. ऐकायला निरुपद्रवी. पण जागा रिकामी ठेवली की जुने नाव त्यात परत बसणार, हे उघड होते. समितीने तो पर्याय वगळला आणि शिव्याशाप सहन केले. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत धाडसी निर्णय होता.

मतदान ऑनलाइन झाले. विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, माजी विद्यार्थी, देणगीदार आणि हंगामी तिकीटधारक मतदार होते. पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या फेरीत तीन नावे, तिसऱ्या फेरीत दोन. १८ नोव्हेंबर २०१५ रोजी निकाल आला: सुमारे ५७ टक्के मतांनी 'फायटिंग हॉक्स', म्हणजे 'लढाऊ ससाणे'.

उरलेल्या सुमारे ४३ टक्क्यांनी निवडलेले नाव होते 'रफरायडर्स'. थिओडोर रूझवेल्टच्या १८९८ च्या घोडदळाचे नाव. मूळ रहिवाशांविषयी रूझवेल्टने काढलेले तुच्छतेचे उद्गार प्रसिद्ध आहेत. म्हणजे एका जखमेवरची पट्टी काढून तिथेच दुसरी जखम होण्याची शक्यता होती. मतदार यादीत देणगीदाराला जागा होती, तिकीटवाल्याला होती. स्पिरिट लेक आणि स्टँडिंग रॉक यांना जमात म्हणून नव्हती. या प्रक्रियेची ही उणीव सांगितलीच पाहिजे.

नाव गेले की संघाचा आत्मा मरेल, अशी भविष्यवाणी करणाऱ्यांचे काय झाले? एप्रिल २०१६ मध्ये, नव्या नावानंतर पाच महिन्यांत, नॉर्थ डकोटाने आइस हॉकीचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. २००० नंतरचे पहिले. तरीही त्या क्रीडागारात राष्ट्रगीताचा शेवटचा शब्द बदलून 'सू' ओरडणारे प्रेक्षक राहिलेच. निर्णयाने नाव बदलते. मन बदलायला चळवळ लागते.

आपल्यासाठी धडा

२७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर 'जनभावना' आणि 'अस्मिता' यांच्या नावाने वस्त्या जाळल्या गेल्या, पोचीराम कांबळेंसारख्यांचे बळी गेले. १४ जानेवारी १९९४ रोजी जे मिळाले तो नामविस्तार होता. दोन्ही लढे वेगळे आहेत: तिथे लादलेले नाव काढायचे होते, इथे नाकारलेले नाव मिळवायचे होते. पण 'लोकांना काय वाटते' या प्रश्नातल्या 'लोकांत' आपण कधीच धरले जात नाही, हे दोन्हीकडे सारखे.

आणि बहुमत सोयीचे नसेल तेव्हा काय होते, तेही बघा. स्टॅनफर्ड विद्यापीठाने मूळ रहिवासी विद्यार्थ्यांच्या मागणीनंतर १९७२ मध्ये 'इंडियन्स' हे नाव सोडले. पुढे विद्यार्थ्यांनी मतदानात निवडले 'रॉबर बॅरन्स', म्हणजे 'लुटारू धनदांडगे'. रेल्वेसम्राट संस्थापकाला मारलेला तो टोमणा होता. प्रशासनाने ते नाव साफ नाकारले. संस्थापकाच्या प्रतिष्ठेवर आले की मतदान चालत नाही. मग दुबळ्यांच्या प्रतिष्ठेवरच ते का चालावे?

म्हणून आपल्या महाविद्यालयात, वसतिगृहात, क्रीडासंघात नाव किंवा बोधचिन्ह ठरवायची वेळ आली तर युवकांनी चार गोष्टी मागाव्यात. पहिली, कुठल्याही समाजाचा अपमान करणारे नाव मतदानाला ठेवलेच जाऊ नये. ते काढणे हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. दुसरी, निकष आधी आणि लेखी असावेत. तिसरी, ज्यांना झळ बसते ते निवड समितीत असावेत, शोभेसाठी नव्हे तर मताधिकारासह. चौथी, रिकामी जागा सोडू नये, कारण रिकाम्या जागेत जुनेच परत येते.

एवढे झाले की मग खुशाल मतदान घ्या. ससाणा निवडा, वाघ निवडा, चांदणी निवडा. हरलेल्याला फार तर हळहळ वाटेल. कुणाची मान खाली जाणार नाही.

जय भीम.