घोडेगावच्या बाजारापासून पैस खांबापर्यंत

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ३५ किलोमीटरवर नेवासे तालुक्यातील घोडेगाव लागते. घोडेश्वरी हे येथील ग्रामदैवत. शनिशिंगणापूरला निघालेल्या भाविकांना मात्र हे गाव बहुधा वळणाचा फाटा म्हणूनच ठाऊक असते. पाच-सहा किलोमीटरवरच्या शनीच्या चौथऱ्याचे दर्शन घ्यायचे, कडी-कुलपांविना नांदणारी घरे कुतूहलाने पाहायची आणि परतायचे, असा शिरस्ता आहे. शुक्रवारची सकाळ हाताशी असेल, तर घोडेगावात अवश्य थांबावे.

शुक्रवार हा येथील जनावरांच्या बाजाराचा दिवस. अलीकडे बाजारात गाई-म्हशींची वर्दळ अधिक असते. बैलाचे महत्त्व ट्रॅक्टरने कमी केले आणि त्याबरोबर बैलाच्या अंगावरचा साज घडविणाऱ्या कारागिरांचेही काम आटले. कासरा, वेसण, म्होरकी, दावे ही रोजच्या वापराची दोरकामे. झूल, गोंडे, घुंगुरमाळ आणि शिंगांवरच्या पितळी शेंब्या हा सणाचा थाट. यांपैकी दोर वळण्याची कला महाराष्ट्रात प्रामुख्याने मातंग समाजाने जोपासली. घायपाताची पाने पाण्यात कुजवायची, बडवून धुवायची, वाळवायची आणि निघालेल्या वाखाला पीळ देत पदरावर पदर चढवायचा, असे हे कष्टाचे काम. पीळ सैल पडला तर दोर उकलतो, फाजील झाला तर गुंतून बसतो. हा अंदाज हातालाच कळतो. तो लिहून ठेवता येत नाही.

नायलॉनची दोरी स्वस्त, रंगीत आणि न कुजणारी असल्याने तिने हा बाजार काबीज केला. शेतकऱ्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. आता बैलपोळ्याची खरेदी आणि शर्यतींचे बैल यांवर साजाच्या धंद्याची बरीच भिस्त उरली आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातील बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्यासंबंधीचा कायदा वैध ठरविला. त्यामुळे निदान शर्यतीच्या बैलांचा शौक टिकून आहे.

दोर कुजतो, म्हणूनच त्याचा इतिहास सहसा हाती लागत नाही. या नियमाला एक नामांकित अपवाद याच तालुक्यात सापडला. नेवासे येथे प्रवरेकाठच्या टेकाडावर डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या डेक्कन कॉलेजमधील सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन थरांत, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी ज्यात ओवले होते तो धागा तांब्याच्या क्षारांमुळे अंशतः टिकला होता. तपासणीत त्यात कापसाबरोबर रेशमाचे तंतूही आढळल्याचे नोंदविले गेले. भारतातील वस्त्रविद्येच्या इतिहासात या वीतभरही नसलेल्या धाग्याला मोठे मोल आहे.

घोडेगावच्या बाजाराशी नाते सांगणारी आणखी एक वस्तू प्रवरेच्याच खोऱ्यात, श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये मिळाली. दोन बैल जुंपलेला आणि वर माणूस उभा असलेला तो तांब्याचा रथ आज जगप्रसिद्ध आहे.

नेवाशात आल्यावर पैस खांबाकडे पावले वळतातच. या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. ब्रह्म आणि विश्व यांचे नाते उलगडताना या ग्रंथात तंतू आणि वस्त्र, माती आणि घट, सोने आणि लेणे हे दाखले येतात. कारागिरांचे जग तेथे तत्त्वज्ञानाची भाषा बनले आहे. दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ या ललितलेखसंग्रहाचे नाव याच खांबावरून आले. नेवाशातील मोहिनीराजाचे मंदिर शिखरासाठी आणि कोरीवकामासाठी पाहावे. वेळ उरल्यास प्रवरा-गोदावरी संगमावरील टोक्याचे सिद्धेश्वर मंदिरही त्याच वाटेने गाठता येते.

बाजार पाहायचा तर घोडेगावला सकाळीच पोहोचावे. उन्हे चढल्यावर शिंगणापूर आणि दुपारनंतर नेवासे असा क्रम सोयीचा पडतो. शनिअमावास्येला शिंगणापूरच्या रस्त्यावर अलोट गर्दी असते. त्याच्या आदल्या दिवशी येणारा शुक्रवार टाळलेला बरा.