पांडुपत्रता : नागपुरी संत्र्याच्या पिवळ्या पानांचा इतिहास

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस काटोलजवळच्या आपल्या बागेत नेले. संत्र्याची बारा वर्षांची झाडे होती. त्यांतील तिसरा हिस्सा पिवळा पडू लागला होता. एकाच झाडाखाली उभे राहून चार माणसांनी चार निदाने सांगितली. कृषी केंद्राच्या दुकानदाराच्या मते नत्र कमी पडले होते, शेजाऱ्याच्या मते जस्त. तिसऱ्याने ‘व्हायरस’ असा एकच शब्द उच्चारून विषय संपविला. विद्यार्थ्याचे वडील तेवढे बोलले नाहीत. ते खाली बसून आळ्यातील माती चिमटीत घेऊन पाहत होते. आम्ही मराठीचे अध्यापक, तेव्हा आमच्याकडून कोणी निदानाची अपेक्षा केली नाही हे योग्यच झाले. पण एका पानाचे चार अर्थ निघतात आणि त्यांपैकी तीन अर्थ बाग घालवू शकतात, ही गोष्ट परतताना आमच्या मनातून जाईना. पिवळे पान वाचण्याचा इतिहास शोधावा असे तेव्हापासून वाटू लागले. प्रस्तुत लेख त्या शोधातून झाला आहे.

या वाचनाची आपल्याकडील एक जुनी नोंद सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त, वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात सापडते. थंडी, वारा आणि ऊन यांमुळे झाडांना रोग होतो असे सांगून तो चार लक्षणे देतो : पाने फिकट पिवळी पडणे, कोवळ्या पालवीची वाढ खुंटणे, फांद्या वाळणे आणि रस पाझरणे. पहिल्या लक्षणासाठी त्याने वापरलेला शब्द आहे ‘पांडुपत्रता’. ही चार लक्षणे आज काटोल-नरखेडच्या कोणत्याही बागाइतदारास ऐकवावीत. तो त्यांना शेंडेमर आणि डिंक्या ही नावे देऊन मोकळा होईल. उपायही अगदी परका नाही. रोगट भाग शस्त्राने काढून टाकावा आणि वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असे वराहमिहिर सांगतो. आजचा शेतकरी सल काढतो आणि बोर्डो मलम लावतो. पुढे सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त हीच लक्षणे वात, पित्त आणि कफ यांच्या चौकटीत बसविली गेली; पाने पिवळी पडणे व फळे अकाली गळणे ही पित्ताची लक्षणे ठरली. माणसाचे शरीर समजून घेण्याची भाषा झाडास लावली गेली.

रोगाचे नाव दिसण्यावरून ठेवण्याची रीत आपल्या शेतकऱ्यांच्या बोलीतही आहे. खोडातून डिंक येतो म्हणून डिंक्या. पाने काजळी धरल्यागत काळी होतात म्हणून कोळशी. ‘केवडा’ हा शब्द तर विशेष पाहण्याजोगा आहे. ज्वारी-बाजरीवरील एका बुरशीच्या रोगास केवडा म्हणतात आणि लोह न मिळाल्याने ऊस पिवळा-पांढरा पडला तरी ‘केवडा पडला’ असेच म्हणतात. रंग केतकीच्या पानाचा, म्हणून नाव एक. कारणे मात्र एकमेकांशी संबंध नसलेली. नाव अत्यंत सुंदर आहे, आणि उपाय शोधणाऱ्याची वाट नेमके तेथेच चुकते.

नागपूरच्या संत्र्यापुरती आणखी एक अडचण आहे, आणि ती आम्हांस सर्वांत मनोवेधक वाटते. येथे पान पिवळे पडणे हे प्रत्येक वेळी रोगाचे लक्षण नसते. शेतकरी ते मुद्दाम घडवून आणतो. संत्र्यास आंब्याच्या मोहोराच्या वेळी येणारा आंबिया आणि पावसाच्या आरंभी येणारा मृग हे येथले दोन मुख्य बहार. हवा तो बहार धरण्यासाठी त्याआधी झाडाचे पाणी तोडतात. यास ‘ताण देणे’ म्हणतात. मृगासाठी हा ताण एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विदर्भाच्या भर उन्हाळ्यात दिला जातो. पाने मलूल होतात, पिवळी पडतात आणि काही गळतात. साधारण चौथा हिस्सा पाने गळली म्हणजे ताण पुरेसा बसला असे मानतात. मग खत आणि पाणी दिले की झाड फुलावर येते. जमीन हलकी असेल तर ताण लवकर बसतो. भारी काळ्या जमिनीत ओल सहजी सुटत नाही, म्हणून वेळ लागतो. ताण आठवडाभर लांबला तर फांद्या वाळू लागतात, आठवडाभर आधी मोडला तर बहार फुटत नाही. त्या पिवळेपणाची नेमकी छटा पुस्तकात सापडत नाही. ती बाप मुलास बांधावर उभा राहून दाखवितो.

भोसल्यांच्या काळात संत्रे औरंगाबादेकडून नागपुरास आले, असे परंपरा सांगते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि दूरच्या बाजाराची वाट मोकळी झाली. पुढे बागा काटोल, नरखेड, कळमेश्वर आणि पलीकडे वरुड-मोर्शीपर्यंत पसरल्या. १९०६ मध्ये नागपुरात कृषी महाविद्यालय उभे राहिले आणि पान वाचण्याची एक दुसरी शाळा या शहरात आली.

तिचे मूळ युरोपात होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये यूझेब ग्रीस याने पिवळ्या पानांवर लोहाच्या क्षाराचे पाणी लावले आणि ती हिरवी होतात असे दाखविले. या पिवळेपणाचे ‘क्लोरोसिस’ हे नाव तेव्हा तरुण मुलींच्या फिकटपणाच्या एका आजारासही होते आणि त्यावरही लोहच देत. आपल्याकडे पांडुरोगावर चरकसंहितेत लोहाचे योग आहेतच. पांडुपत्रतेवर मात्र ते कोणी सुचविलेले आम्हांस आढळले नाही. शब्द शेजारी होते, औषध शेजारी गेले नाही. त्यानंतर १८६० च्या सुमारास जर्मनीत झाक्स आणि क्नोप यांनी मातीशिवाय, केवळ क्षार घातलेल्या पाण्यात झाडे वाढविली. एकेक द्रव्य वगळावे आणि पान कसे बोलते ते पाहावे, अशी ती पद्धत होती. जस्ताची आवश्यकता तर १९२६ साली पक्की ठरली.

या प्रयोगांतून पानांचे एक व्याकरण तयार झाले. नत्रासारखे द्रव्य झाडात इकडून तिकडे जाऊ शकते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यास देते, म्हणून आधी खालची, जुनी पाने सरसकट पिवळी होतात. मॅग्नेशियमचेही तसेच; फक्त पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. लोह मात्र एकदा जेथे गेले तेथे राहते. म्हणून त्याचा अभाव शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसतो : पान पिवळे आणि शिरांचे जाळे हिरवे. जस्त नसेल तर पाने लहान व अरुंद होतात आणि शिरांमध्ये पिवळे पट्टे उमटतात. जस्ताचे प्रमाण तरी किती? निरोगी संत्र्याच्या वाळलेल्या पानात दहा लाख भागांत वीस-पंचवीस भाग.

विदर्भात हे व्याकरण लावताना एक विरोधाभास समोर येतो. येथील काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यात लोहास तोटा नाही. पण अनेक ठिकाणी ती चुनखडीयुक्त आहे, तिचा सामू आठाच्या आसपास, आणि अशा मातीत लोह असूनही मुळांस घेता येत नाही. पिवळ्या पानाचे रासायनिक पृथक्करण केले तर कधीकधी त्यात लोह हिरव्या पानाइतकेच निघते, फक्त ते कामास येत नाही. आपण ‘कमतरता’ हा शब्द वापरतो तेव्हा भांडार रिकामे आहे असे चित्र डोळ्यांपुढे येते. येथे भांडार भरलेले असते आणि कुलूप लागलेले असते.

या व्याकरणासही अपवाद निघाला, आणि तो महागात पडला. बागा हळूहळू खंगून मरण्याचा प्रकार देशभर चालू होता आणि त्याची कारणे माती, खते, पाणी यांत शोधली जात होती. १९५८ मध्ये वासुदेव आणि कपूर यांनी तत्कालीन मुंबई राज्यातील अशा ऱ्हासाविषयी लिहिताना विषाणूकडे लक्ष वेधले. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी या मरीमागे ‘ग्रीनिंग’ हा रोग असावा असे मांडले. लगेच १९६७ मध्ये कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी सिट्रस सिल्ला ही इवलीशी कीड तो पसरविते हे प्रसिद्ध केले. रोगाचे कारण प्रत्यक्षात विषाणू नसून जिवाणू आहे हे नंतर कळले. या रोगाचे पान हुबेहूब जस्ताच्या अभावासारखे दिसते. रोगी झाडात जस्त खरोखरच कमी पडते. फवारणी केली की पान थोडे हिरवे होते, शेतकऱ्यास आपले निदान बरोबर ठरल्यासारखे वाटते आणि रोग पसरत राहतो. भेद एवढाच की जस्ताच्या अभावात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंचे डाग सारखे असतात, ग्रीनिंगमध्ये ते जुळत नाहीत. कलमासाठी डोळा अशा झाडावरून घेतला तर रोग नव्या बागेत शेतकऱ्याच्याच हाताने जातो. १९८५ मध्ये नागपुरात लिंबूवर्गीय फळांचे स्वतंत्र संशोधन केंद्र सुरू झाले. निरोगी कलमे तयार करणे हे त्याचे एक मुख्य काम ठरले, ते यामुळेच.

काटोलच्या त्या बागेत आम्ही डाग जुळवून पाहिले. ते जुळत होते, निदान आमच्या चष्म्यास तरी. तोवर विद्यार्थ्याच्या वडिलांनी झाडाच्या घेरात हातभर माती उकरली होती. बारीक मुळे काळपट पडली होती. चिमटीत धरून ओढताच त्यांची साल सुटून येई आणि आतला दोरा हाती राही. कुजकट वास येत होता. त्या वर्षी पाऊस सलग झाला होता, शेताच्या त्या भागाचा उतार बुजला होता आणि जंबेरीच्या खुंटास साचलेले पाणी व त्यात वाढणारी फायटोप्थोरा बुरशी सोसत नाही. नत्र मातीत होते, जस्तही असेल. घेणारे मूळच उरले नव्हते.

“भुकेलं नाई जी हे झाड,” ते म्हणाले, “बुडालं हाय.”

दुकानदाराने दिलेल्या दोन पोती युरिया तशाच ओसरीत ठेवून बापलेकांनी आधी चर खणले. पिवळ्या झाडांपैकी निम्मी मार्चमध्ये नव्या पालवीवर आली. उरलेली त्यांनी काढली आणि त्या जागी दुसरे वर्षभर काहीच लावले नाही.