तळटीप : वेखंड

वेखंड : संस्कृतात वचा किंवा उग्रगंधा. शास्त्रीय नाव अ‍ॅकोरस कॅलॅमस. दलदलीत, पाणथळ जागी वाढणाऱ्या या वनस्पतीची पाने तलवारीसारखी लांब असतात. औषधात वापरतात ते जमिनीत आडवे पसरणारे, गाठीगाठीचे खोड. चरकसंहितेत वचेचा समावेश लेखनीय आणि संज्ञास्थापन या गणांत आहे, म्हणजे साठलेला मेद-कफ खरवडून काढणारी आणि हरपलेली शुद्ध परत आणणारी द्रव्ये.

महाराष्ट्रात वेखंड घरोघरी पोचले ते बाळगुटीमुळे. हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड यांच्यासोबत सहाणेवर दुधात त्याचे एकदोन वळसे घ्यायचे आणि चाटण बाळाच्या जिभेला लावायचे. पोट फुगले तर बेंबीभोवती लेप, न्हाऊ घातल्यावर टाळूवर चिमूटभर पूड. कपड्यांत आणि पोथ्यांत कसर लागू नये म्हणूनही त्याचे तुकडे ठेवत.

वेखंडाच्या उग्र वासाच्या तेलात बीटा-असारोन हे द्रव्य असते. भारतीय वेखंडात त्याचे प्रमाण बरेच जास्त आढळते. उंदरांवरील प्रयोगांत या तेलामुळे आतड्यात गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने 1968 साली खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. जास्त मात्रेत ते उलटी करवते, हे आयुर्वेदालाही ठाऊक होते. वमनाच्या औषधांत वचा येते.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, असे आज बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे येथे वर्णिलेली गुटीची रीत वाचकांनी जुन्या घरांची माहिती म्हणून वाचावी. वैद्यांच्या सल्ल्याशिवाय वेखंड पोटात देऊ नये. — संपादक