उंदराच्या लाळग्रंथीपासून आनेकलपर्यंत

बंगळूर शहर मागे टाकून होसूरच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की तमिळनाडूची सीमा येण्यापूर्वी आनेकल तालुका लागतो. नाचणीची शेते आणि रेशमाचे माग यांचा हा मुलूख. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या गावांभोवती कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकी बोम्मसंद्रच्या बायोकॉन कंपनीने २००६ साली तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावरील एक औषध बाजारात आणले. ते औषध जिवंत पेशींकडून घडवून घेतलेले प्रतिपिंड होते. आणि त्या पेशी मूळच्या उंदराच्या होत्या. पेशीच्या पृष्ठभागावरील एक विशिष्ट ग्राही ओळखणे, एवढेच या प्रतिपिंडाचे मूळचे काम. ओळखपरेड घेणाऱ्या या रेणूला औषधाची योग्यता कशी आली, त्याचा इतिहास उंदरांच्या पिलांपासून सुरू होतो.

स्टॅन्ली कोहेन हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ मज्जातंतूंच्या वाढीस चालना देणाऱ्या एका द्रव्याचा शोध घेत होते. ते द्रव्य उंदराच्या लाळग्रंथीत विपुल असते, असे त्यांना आढळले होते. त्या ग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला असता भलताच प्रकार घडला. उंदराची पिले जन्मतः आंधळी असतात. त्यांचे डोळे उघडण्यास बारा ते चौदा दिवस लागतात. अर्क टोचलेल्या पिलांचे डोळे सातव्याच दिवशी उघडले, दातही वेळेआधी आले. दुसऱ्या एखाद्याने हा अर्कातील अशुद्धतेचा दोष मानून सोडून दिला असता. कोहेन यांनी त्याचाच पाठपुरावा केला आणि १९६२ साली, नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात असताना, ते कारणीभूत द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. त्वचेच्या बाह्यस्तराची वाढ करणारे म्हणून त्याला बाह्यत्वचा-वृद्धी घटक असे म्हणता येईल. १९८६ साली रीता लेव्ही-मोन्ताल्चिनी यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा वृद्धी घटक संप्रेरकांच्याच कुळातील. फरक एवढाच, की इन्सुलिनसारखे संप्रेरक रक्तावाटे दूरच्या अवयवांपर्यंत संदेश नेते, तर वृद्धी घटक बहुधा आसपासच्या पेशींनाच संदेश देतो. संदेश कोणताही असो, तो घेणारा पेशीच्या दारात हजर असावा लागतो. तोच ग्राही. वृद्धी घटक येऊन चिकटला, की ग्राहीचा पेशीच्या आतील भाग जागा होतो आणि पेशीला विभाजनाचा हुकूम देतो. कर्करोगाच्या कित्येक पेशींवर या ग्राहींची संख्या बेसुमार वाढलेली असते. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगात तर हे फार वेळा आढळते. हुकूम घेणारेच इतके झाल्यावर विभाजनाला आवर कोण घालणार? तेव्हा या ग्राहीला ओळखणारे आणि त्याचे दार अडविणारे काही मिळाले, तर रोगाचे निदान आणि उपचार दोन्ही साधतील, ही कल्पना १९८० नंतरच्या दशकात पुढे आली.

ओळखण्याचे काम निसर्गाने प्रतिपिंडांकडे सोपविलेले आहे. मुंबईकर श्रोत्यांना परळची हाफकीन संस्था परिचित आहे. घोड्याला सर्पविषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तातून प्रतिविष मिळविण्याची तिची परंपरा जुनी आहे. परंतु त्या रक्तद्रवात नाना प्रकारच्या प्रतिपिंडांची खिचडी असते. एकाच लक्ष्याला ओळखणारे, एकाच घडणीचे आणि हवे तितके प्रतिपिंड मिळण्याची सोय १९७५ साली झाली. केंब्रिज येथे गेओर्ग कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनविणारी पेशी आणि कर्करोगाची अमर पेशी यांचा संकर घडविला. पहिलीकडून प्रतिपिंडाची विद्या आली, दुसरीकडून अक्षय वाढ. या पद्धतीवर त्यांच्या संस्थेने एकस्वाचा हक्क घेतला नाही. म्हणून जगातील कोणत्याही प्रयोगशाळेला ती वापरता आली. गरीब देशांच्या दृष्टीने ही गोष्ट नोबेल पारितोषिकापेक्षा लहान नव्हे.

अशा देशांपैकी एक क्यूबा. हव्हाना येथील कर्करोग संस्थेत मानवी वारेतून मिळविलेला हा ग्राही उंदरांना टोचण्यात आला, कारण वारेवर तो भरपूर असतो. त्यातून निवडलेल्या प्रतिपिंडाचा वापर आरंभी शोधकार्यासाठीच झाला. त्याला टेक्नीशियम या मूलद्रव्याची किरणोत्सारी खूण बांधून रुग्णाच्या शरीरात सोडावयाचे आणि ते कोठे गोळा होते हे यंत्राने पाहावयाचे. गाठ असेल तेथे प्रकाशचित्रात ठिपका उमटे. औषध म्हणून ते पुन्हा पुन्हा द्यावयाचे म्हटले, तर मात्र अडचण होती. उंदराचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके. शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करू लागते. म्हणून ओळखीचा नेमका भाग तेवढा उंदराचा ठेवून उरलेला सांगाडा मानवी घडणीचा करण्यात आला. हे काम हव्हानाच्या आण्विक प्रतिरक्षाशास्त्र केंद्रात झाले व १९९७ साली प्रसिद्ध झाले. या मानवीकृत प्रतिपिंडाला पुढे निमोटुझुमॅब हे नाव मिळाले.

येथे एक गमतीची, पण गंभीर अडचण उभी राहिली. ज्या उंदराच्या पोटी हे प्रतिपिंड जन्मले, त्या उंदराचाच ग्राही ते ओळखत नाही. ते मानवी ग्राहीलाच चिकटते. साहजिकच, मानवी गाठ रुजविलेल्या उंदरात गाठीवरील परिणाम दिसतो, परंतु उंदराच्या स्वतःच्या त्वचेवर आणि प्रतिरक्षा यंत्रणेवर काय होते ते कळत नाही. म्हणून हव्हानाच्याच संशोधकांनी उंदराच्या ग्राहीसाठी ७ए७ नावाचे वेगळे प्रतिपिंड तयार केले. त्याच्या आधारे कित्येक निबंध प्रसिद्ध झाले. २०१८ साली दुसऱ्या एका गटाने त्याची कसून परीक्षा केली, तेव्हा पेशीवर नैसर्गिक स्थितीत असलेल्या उंदराच्या ग्राहीला ते चिकटतच नाही, असा निष्कर्ष निघाला. बाटलीवर नाव लिहिलेले असले, म्हणून आतील प्रतिपिंड त्या नावाला जागतेच असे नव्हे. साक्षीदाराने आरोपीकडे बोट दाखवावे आणि साक्षीदाराला आरोपी दिसलाच नव्हता असे पुढे उघड व्हावे, त्यातलाच हा प्रकार. ज्या पेशीतून ग्राहीचे जनुक काढून टाकले आहे, तीवर प्रतिपिंड घालून पाहावे. तेथेही ते चिकटले, तर त्याची साक्ष खोटी. ही कसोटी आज सर्वमान्य असली, तरी ती प्रत्येक वेळी लावली जातेच असे नाही.

निमोटुझुमॅबच्या बाबतीत दुसराही एक प्रश्न होता. त्याच ग्राहीवरील सेटुक्सिमॅब हे अमेरिकेत विकसित झालेले प्रतिपिंड फार घट्ट पकडते. आपल्या निरोगी त्वचेवरही हा ग्राही असतो, त्यामुळे त्या औषधाने रुग्णांच्या अंगावर मुरुमांसारखे पुरळ उठते. निमोटुझुमॅबची पकड मध्यम आहे. त्याचे दोन्ही हात एकाच वेळी गुंतले तरच ते टिकून राहते, आणि तसे ग्राहींची दाटी असेल तेथेच घडते. परिणामी त्वचेला फारसा उपद्रव होत नाही. घट्ट पकड म्हणजे उत्तम औषध, हा समज येथे अपुरा ठरतो.

बायोकॉनचा आरंभ १९७८ सालचा. पपईतील पेपेन आणि माशाच्या वाताशयापासून मिळणारे, मद्य निवळविणारे द्रव्य, ही त्या कंपनीची पहिली उत्पादने होत. तिच्याशी क्यूबाने भागीदारी केली, आणि बोम्मसंद्रच्या पोलादी टाक्यांत उंदराच्या पेशींची जोपासना सुरू झाली. या पेशी मोठ्या नाजूक. आंबवणाच्या यीस्टप्रमाणे त्या घुसळणे सोसत नाहीत. उष्णता, आम्लता आणि प्राणवायू यांवर अहोरात्र पहारा ठेवावा लागतो. त्यानंतर त्यांनी द्रवात सोडलेले प्रतिपिंड गाळून, शुद्ध करून कुप्यांत भरावयाचे. भारतात तयार झालेल्या कर्करोगावरील प्रतिपिंडांत हे अगदी आरंभीचे.

त्या वेळी भारतीय रुग्णांवरील पुरावा तुटपुंजा होता. पहिल्या चाचणीत अवघे ९२ रुग्ण होते, तेही चार गटांत विभागलेले. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग ज्या देशात घरोघरी ऐकू येतो, तेथे एवढ्या संख्येवर महागडे औषध देणे कितपत योग्य? याचे उत्तर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने शोधले. २०१२ ते २०१८ या काळात तेथे ५३६ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत वाटण्यात आले. दोन्ही गटांना किरणोपचार आणि सिस्प्लाटिन मिळाले. एका गटाला त्याशिवाय दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम निमोटुझुमॅब. २०१९ साली निकाल जाहीर झाला. दोन वर्षांनंतर रोग न वाढता राहिलेल्यांचे प्रमाण प्रतिपिंडाच्या गटात ६१.८ टक्के, तर दुसऱ्या गटात ५०.१ टक्के होते. प्रत्यक्ष हयात असलेल्यांचे प्रमाण ६३.८ आणि ५७.७ टक्के, मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. तोंडातील व्रणांचा त्रासही प्रतिपिंड घेणाऱ्यांना अधिक झाला. पेशींवरील ग्राहींची दाटी रुग्णागणिक निराळी असते, आणि त्यांपैकी नेमका कोणाला हे प्रतिपिंड उपयोगी पडेल, हे आधी ओळखण्याची परीक्षा अद्याप सापडावयाची आहे.